मानधन कोण ठरवतं?

आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला महिन्याला किती पैसे मिळतात, हा प्रश्न एकदा रात्री जेवताना घरात विचारून बघा. मी गेले काही दिवस भेटेल त्याला विचारतो आहे. उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. पहिलं, "मिळत असतील की लाख-दीड लाख!" दुसरं, "त्यांना काय गरज आहे पगाराची?" आणि सोबत एक सूचक हसू. तिसरं, "समाजसेवेला कसला आलाय पगार?" खरा आकडा, निदान त्याच्या जवळपासचा, अजून कुणीही सांगितलेला नाही. याच मंडळींना शेजारच्या मुलाचं आयटी कंपनीतलं पॅकेज मात्र हजारापर्यंत अचूक ठाऊक असतं.

याचं एक कारण आपल्या शब्दातच आहे. या पैशाला आपण पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो. 'पगार' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे गोव्याच्या दारातून. काम झालं, पैसे चुकते झाले, इतका तो रोखठोक. 'मानधन' म्हणजे कीर्तनकाराला किंवा व्याख्यानमालेच्या वक्त्याला पाकिटात घालून देतात ते. देणाऱ्यानं आकडा बोलायचा नसतो, घेणाऱ्यानं पाकीट समोर उघडायचं नसतं. आपल्या इंदुरात नगर निगमाच्या कागदांवर 'मानदेय' असतं, बडोद्याकडे 'मानद वेतन', बेळगावच्या कन्नड कागदांवर 'गौरवधन'. भाषा बदलली तरी मान पुढे आणि धन मागे, हा क्रम सगळीकडे तोच.

वक्त्याच्या बाबतीत हा संकोच शोभून दिसतो. पण नगरसेवकाच्या पाकिटातले पैसे आपल्या मालमत्ता करातून आणि सरकारी तिजोरीतून येतात. ते पाकीट उघडून बघायलाच हवं. माझं म्हणणं याच्याही एक पाऊल पुढचं आहे. आत किती आहे, यापेक्षा ते कुणी भरलं, केव्हा भरलं आणि सगळ्यांदेखत भरलं का, हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी मुळातला प्रश्न. निवडून आलेल्या माणसाला पैसे द्यायचेच कशाला?

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये पेरिक्लीजनं न्यायसभेत बसणाऱ्या सामान्य नागरिकांना रोजचा भत्ता सुरू केला. रक्कम अगदी लहान होती, पण त्यामुळे दिवसाची कमाई बुडवून येणाऱ्या माणसालाही तिथं बसता येऊ लागलं. श्रीमंतांना ते आवडलं नाही. पैशासाठी लोक न्यायसभेत गर्दी करतात, अशी त्यांची कुरकुर होती. अडीच हजार वर्षं झाली, कुरकुर अजून तीच आहे.

ब्रिटनमध्ये १८३८ साली चार्टिस्ट चळवळीच्या कामगारांनी सहा मागण्यांची सनद काढली. त्यातली एक मागणी होती, खासदारांना पगार द्या. ती मान्य व्हायला १९११ साल उजाडलं. तेव्हा वर्षाला ४०० पौंड ठरले. मधल्या काळात पार्लमेंटच्या आत जायचं तर घरची मिळकत हवी, नाहीतर कुणीतरी पाठीशी हवं. आपले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले, ते याच बिनपगारी काळात. त्याआधी ते बडोद्याचे दिवाण होते, त्यामुळे आपल्या बडोदेकर वाचकांना हे नाव घरचंच वाटेल. दादाभाई गेले म्हणून आपल्याला अभिमान वाटतो. पण पगार नाही म्हणून किती गिरणी कामगार तिथं जाऊच शकले नाहीत, त्यांची यादी कुणाकडेच नाही.

बिनपगारी पद दिसायला उदात्त असतं. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र एवढाच होतो, की ज्याच्या घरची चूल आधीच पेटलेली आहे, त्यानंच यावं.

आपल्याकडे याला त्यागाची परंपरा आडवी येते, आणि ती परंपरा खोटी नाही. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं ठराव केला, की खास तज्ज्ञ सोडले तर सरकारी सेवेतल्या कुणालाही महिना ५०० रुपयांहून जास्त पगार असू नये. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपयेच घेतले. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी साधेपणावर भर देतो. मला त्यातल्या दुसऱ्या दोन बाबी तितक्याच मोलाच्या वाटतात. पैसे घेऊच नका, असं त्या ठरावानं म्हटलं नव्हतं. आणि मर्यादा सत्ता हातात येण्याच्या सहा वर्षं आधी, भर अधिवेशनात घातली होती. खुर्चीत बसल्यावर आपल्याच पगाराचा आकडा ठरवायची वेळ कुणावर आली नाही.

आता आजचे आकडे. डिसेंबर २०२२ पर्यंत आपल्या मध्य प्रदेशात सरपंचाचं मानधन महिना १,७५० रुपये होतं. दिवसाचे ५८ रुपये. त्या वर्षी याच राज्यात रोजगार हमीच्या कामावर मजुरी होती दिवसाला २०४ रुपये. म्हणजे गावात रस्ता खोदणाऱ्याला जे मिळत होतं, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी पैशांत गावाचा कारभार चालवायचा. नंतर मानधन ४,२५० रुपये झालं, तरी दिवसाचा हिशेब १४२ रुपयांवरच थांबतो.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२४ मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. २,००० पर्यंत वस्तीच्या गावात ३,००० चे ६,०००, २,००१ ते ८,००० वस्तीला ४,००० चे ८,०००, आणि त्याहून मोठ्या गावात ५,००० चे १०,०००. मुंबईच्या नगरसेवकाचं मानधन २०१७ मध्ये १०,००० वरून २५,००० रुपये झालं. मुंबईत प्रभाग २२७ आणि २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख. एका नगरसेवकाच्या वाट्याला साधारण ५५,००० माणसं आली. त्यांचं पाणी, गटार, कचरा, दवाखाना आणि रात्री अकरा वाजता येणारे फोन, सगळं त्यात धरा.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो, कारण तिची गल्लत फार होते. 'नगरसेवक निधी' किंवा 'पार्षद निधी' म्हणून जी लाखांची रक्कम कानावर येते, तो पगार नव्हे. ती प्रभागातल्या कामांसाठीची तरतूद असते. बिल निघतं ते ठेकेदाराच्या नावानं. "आमच्या पार्षदाला वर्षाला अमुक लाख मिळतात" असं कुणी म्हणालं, की समजावं, निधी आणि मानधन यांची खिचडी झाली आहे. कुणाला तो निधीच खिशातला वाटत असेल, तर ते वेगळं प्रकरण, आणि त्याला वेगळे कायदे आहेत.

इतक्या कमी मानधनाचा तोटा कुणाला होतो? ज्यांची दुकानं, जमिनी, ठेके आहेत त्यांना नाही. तोटा होतो तो तुमच्यासारख्यांना, म्हणजे नोकरीवर घर चालवणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींना.

आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे, हिशेबात पक्की, बोलण्यात स्पष्ट. वॉर्डातल्या पाण्याच्या प्रश्नावर तिनं दोन वर्षं चिकाटीनं काम केलं. पुढच्या निवडणुकीला तू उभी राहा, असं वस्तीतल्या चार जणांनी तिला म्हटलं. मीही म्हटलं. तिनं कागद घेतला आणि माझ्यासमोर हिशेब मांडला.

"काका, नोकरी करून हे काम होणार नाही. अर्धा दिवस निगमात, अर्धा वॉर्डात जाणार. नोकरी सोडली तर मानधनातून माझ्या पगाराचा पाचवा हिस्साही भरून निघत नाही. फ्लॅटचा हप्ता कोण भरणार?"

"घरचे सांभाळून घेतील की पाच वर्षं," मी म्हटलं.

"म्हणजे नवऱ्याच्या पगारावर मी लोकप्रतिनिधी होणार. मग उद्या लोक म्हणणार, बाईच्या नावावर कारभार नवराच करतो. आणि त्यांचं अगदीच चूक असेल असंही नाही, कारण पैसा त्याचाच असेल."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती उभी राहिली नाही. मध्य प्रदेशात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, ही मोठीच गोष्ट आहे. पण आरक्षण खुर्ची देतं, घराचा हप्ता भरत नाही. आपल्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचल्या, त्यांचीही सुरुवात इंदूर नगर निगमातूनच झाली. १९८० च्या दशकात त्या इथल्या उपमहापौर होत्या. स्थानिक संस्था ही पहिली पायरी आहे. ती पायरीच नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली, तर वरच्या मजल्यावर कोण दिसणार, हे वेगळं सांगायला नको.

मग मानधन भरघोस वाढवलं की प्रश्न सुटला? इथं मला एका लांबच्या गावाची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिथं नेमकं हेच झालं आणि गाव बुडायची वेळ आली.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं छोटं शहर आहे. वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास, बहुतेक लोक स्पॅनिश बोलणारे, कष्टाची कामं करणारे. आपल्याकडच्या एका प्रभागाएवढंच म्हणा ना. पाच जणांची निवडून आलेली परिषद आणि तिनं नेमलेला एक शहर व्यवस्थापक, अशी तिथली रचना. राज्याच्या कायद्यानं लहान शहरांतल्या परिषद सदस्यांच्या पगाराला वस्तीच्या मानानं मर्यादा घातलेली होती. महिन्याला काही शे डॉलर, त्यापुढे नाही.

पण कॅलिफोर्नियात एखाद्या शहरानं मतदान घेऊन स्वतःची सनद केली, तर त्याला बऱ्याच बाबतीत स्वतंत्र कारभार करता येतो, आणि पगाराची ती मर्यादा त्याला लागू राहत नाही. बेलमध्ये २००५ च्या नोव्हेंबरमध्ये या सनदेसाठी खास मतदान झालं. पस्तीस हजारांच्या गावात एकूण मतं पडली ४०० हूनही कमी. सनद मंजूर झाली. मतपत्रिकेवर पगाराचा उल्लेखही नव्हता.

त्यानंतर परिषदेच्या सदस्यांनी पगार घ्यायची एक युक्ती वापरली. शहराची गृहनिर्माण, घनकचरा, शिल्लक मालमत्ता अशी वेगवेगळी मंडळं होती. परिषदेचेच सदस्य या मंडळांवर, आणि प्रत्येक मंडळाचा वेगळा पगार. या मंडळांच्या बैठका काही मिनिटांत संपत. काही तर नावापुरत्याच. २०१० पर्यंत पाचपैकी चार सदस्य वर्षाला जवळजवळ एक लाख डॉलर घेत होते, तेही अर्धवेळ पदासाठी. शहर व्यवस्थापकाचा पगार होता वर्षाला ७,८७,६३७ डॉलर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार ४,००,००० डॉलर आहे, हे लक्षात घ्या. पाचव्या सदस्याला महिना ६७३ डॉलर मिळत होते, आणि आपले सहकारी किती घेतात हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तो म्हणाला. एका नागरिकानं आधी रीतसर माहिती मागितली होती, तेव्हा त्याच्या हाती खोटे आकडे असलेला कागद ठेवला गेला. त्यातही सदस्यांचा पगार ६७३ डॉलरच दाखवला होता.

जुलै २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीदारांनी हे उघड केलं. लोक परिषदेच्या सभागृहाबाहेर जमले. त्यांनी जी संघटना उभी केली तिचं आद्याक्षरांनी बनलेलं नाव होतं 'बास्ता'. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ, बस्स झालं. आपल्या मराठी कानाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबरमध्ये आठ जणांना अटक झाली. मार्च २०११ मध्ये मतदारांनी परिषदेच्या सदस्यांना परत बोलावलं. २०१३ मध्ये पाच माजी सदस्य दोषी ठरले, एकाची सुटका झाली. शहर व्यवस्थापकाला २०१४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. वृत्तपत्राला २०११ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

या गोष्टीचं तात्पर्य 'पगार जास्त दिला की माणसं बिघडतात' असं काढणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बेलमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या. पगार घेणाऱ्यांनीच पगार ठरवला. ठरवल्याबरोबर स्वतःला लागू केला. आणि तो मंडळांच्या नावाआड लपवला. यातली एक जरी गोष्ट अडली असती, तरी पुढचं सगळं अवघड झालं असतं.

म्हणून जिथं हा प्रश्न नीट हाताळला गेला, तिथं याच तीन जागी कुलपं लावलेली दिसतात.

पहिलं कुलूप, ठरवणारा वेगळा. इंग्लंडमध्ये २००३ च्या नियमांनुसार प्रत्येक परिषदेला सदस्यांचे भत्ते ठरवण्याआधी एका स्वतंत्र समितीची शिफारस घ्यावीच लागते. समितीत किमान तीन माणसं, आणि त्यांतलं कुणीही त्या परिषदेचं सदस्य नको. शेवटचा निर्णय परिषदेचाच असतो, पण शिफारस जाहीर होते, आणि परिषदेनं त्याहून जास्त घेतलं तर ते गावाला दिसतं. वेल्सनं आणखी पुढे जाऊन स्वतंत्र संस्थेनं ठरवलेला आकडा परिषदांवर बंधनकारकच केला. एखाद्या सदस्याला भत्ता नको असेल, तर तसं लेखी देऊन तो सोडायची मुभाही इंग्लंडच्या नियमांत आहे. ज्याला त्याग करायचा आहे त्यानं जरूर करावा. त्यासाठी बाकीच्यांनी उपाशी राहायची सक्ती नको.

दुसरं कुलूप, वाढ पुढच्या निवडणुकीनंतर. ही कल्पना अमेरिकेत जेम्स मॅडिसननं १७८९ मध्ये मांडली: संसदेच्या सदस्यांनी स्वतःचा पगार बदलला तर तो मधे एक निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा. घटनादुरुस्तीचा तो प्रस्ताव पुरेशा राज्यांची मंजुरी न मिळाल्यानं जवळजवळ दोनशे वर्षं धूळ खात पडला. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यावर निबंध लिहिला, की या प्रस्तावाला मुदत घातलेली नाही, तो अजूनही मंजूर होऊ शकतो. निबंधाला 'सी' मिळाला. पठ्ठ्यानं मग एकेका राज्याला पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि १९९२ मध्ये ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली. २०१७ मध्ये विद्यापीठानं त्याचा 'सी' बदलून 'ए' केला. कॅलिफोर्नियाच्या शहरांसाठीच्या सर्वसाधारण कायद्यातही हाच विचार आहे: चालू मुदतीत वाढ लागू होत नाही.

तिसरं कुलूप, उजेड. बेलच्या प्रकरणानंतर कॅलिफोर्निया राज्याच्या लेखा नियंत्रकांनी शहरांतल्या अधिकाऱ्यांचे आणि लोकप्रतिनिधींचे पगार एका जागी जाहीर करायला सुरुवात केली. कुणीही घरी बसून आपल्या गावाचा आकडा शेजारच्या गावाशी ताडून बघू शकतो.

आता आपल्याकडे बघू. राज्यघटनेच्या कलम १०६ नुसार खासदारांचा पगार संसद ठरवते, कलम १९५ नुसार आमदारांचा विधिमंडळ ठरवतं. म्हणजे घेणारे तेच, ठरवणारेही तेच. त्यावर वर्षानुवर्षं टीका झाली, आणि २०१८ मध्ये खासदारांचा पगार महिना एक लाख रुपये करतानाच कायद्यात तरतूद झाली, की यापुढे दर पाच वर्षांनी तो महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप बदलेल. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये तो १,२४,००० रुपये झाल्याचं जाहीर झालं, १ एप्रिल २०२३ पासून लागू. ही मागील तारीख काहींना खटकली. पण निदान सूत्र ठरलेलं आहे. हात वर करून स्वतःची पगारवाढ मंजूर करायचा प्रसंग टळला.

स्थानिक संस्थांचं उलट आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं. पाच वर्षांची मुदत, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग, सगळं त्यात आलं. सदस्यांच्या मानधनाबद्दल मात्र त्यात तरतूद नाही; ते राज्यांवर सोडलं. त्यामुळे सरपंचाला आणि नगरसेवकाला किती मिळावं, हे राज्य सरकार ठरवतं. बेलसारखी लूट त्यामुळे अवघड होते, हा फायदा. पण मानधन वर्षानुवर्षं तिथंच राहतं, आणि मग एक दिवस भेटीसारखं वाढतं. मध्य प्रदेशातल्या सरपंचांची वाढ मुख्यमंत्र्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केली. विधानसभेची निवडणूक होती नोव्हेंबर २०२३ मध्ये. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाचा निर्णय झाला २३ सप्टेंबर २०२४ ला; विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. दोन्ही राज्यांतली वाढ योग्यच होती, उलट उशिराच झाली. पण हक्काची गोष्ट वरून मिळालेली भेट झाली, की घेणारा उपकारात अडकतो. ज्यानं गावाच्या वतीनं सरकारशी भांडायचं, त्याचं मानधन सरकारच्या मर्जीवर, ही गोष्ट मला मानधनाच्या आकड्याहून जास्त खुपते.

यावर उपाय शोधायला फार लांब जायला नको. दर पाच वर्षांनी प्रत्येक राज्यानं वित्त आयोग नेमायचा, हे घटनेतच आहे. पंचायती आणि नगरपालिकांच्या पैशांचा विचार करणं हेच त्याचं काम, आणि राज्यपाल त्याच्याकडे आर्थिक शिस्तीच्या दृष्टीनं आणखी एखादा विषयही सोपवू शकतात. त्यात सरपंच, पंच, नगरसेवक, महापौर यांच्या मानधनाचा विषय घालावा. आयोगानं वस्ती, कामाचे तास आणि महागाई बघून आकडा सुचवावा, तो जाहीर व्हावा, आणि पुढच्या निवडणुकीनंतर निवडून येणाऱ्यांना लागू व्हावा. घटना बदलायची गरज नाही. आज उभं राहावं की नाही असा विचार करणाऱ्या मुलीला मग निवडणुकीआधीच कळेल, की पाच वर्षं आपल्याला किती मिळणार आणि त्यात घर चालेल का.

"मानधन वाढवलं तर भ्रष्टाचार थांबेल का?" असं मला हमखास विचारतात. थांबेल असं मी म्हणणार नाही. ज्याला खायचं आहे तो लाख देऊनही खाईल. बेलमध्ये तेच झालं. पण जो प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक राहून घर चालवता येईल, एवढी सोय समाजानं करायला हवी. आज आपण त्याला बिनबोभाट सांगतो, की काम पूर्ण वेळ कर, पैसे दुसरीकडून आण. कुठून आण, हे आपण विचारत नाही. आणि मग त्यानं ते कुठूनतरी आणले, की आपण नाक मुरडतो.

तरुण वाचकांना एक काम सांगतो, फार वेळ लागणार नाही. आपल्या नगर निगमाचा किंवा पंचायतीचा यंदाचा अर्थसंकल्प मिळवा. बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळांवर तो असतो. त्यात लोकप्रतिनिधींचं मानधन, बैठक भत्ता, वाहन आणि दूरध्वनी यांचे आकडे शोधा. सापडले नाहीत तर माहिती अधिकारात एक अर्ज करा; २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. शेजारच्या शहराचे आकडेही त्याच वेळी मागवा. इंदूरचे, बडोद्याचे, बेळगावचे, ग्वाल्हेरचे आकडे आपल्याच वाचकांनी जमवले, तर ते याच पानावर शेजारी शेजारी छापायची माझी तयारी आहे.

आणि पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ते आणि पाण्यासोबत हेही विचारा: तुमचं घर कशावर चालतं, मानधन किती मिळणार हे तुम्हाला माहीत आहे का, आणि ते कुणी ठरवावं असं तुम्हाला वाटतं? जो उमेदवार या प्रश्नाचं सरळ उत्तर देईल, त्याच्याशी थोडा जास्त वेळ बोला. चहाही विचारा.